प्रागला जायचंय: फ्रँकफर्टवरून की दोह्यावरून?

मुंबईहून प्रागला थेट विमान नाही. मध्ये कुठेतरी उतरणं आलंच. फ्रँकफर्ट-म्युनिककडे उतरावं की दुबई-दोह्याला, एवढंच ठरवायचं. दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. तिकीट कधी इकडचं स्वस्त, कधी तिकडचं, त्यावर जाऊ नका.

युरोपात विमान बदलण्यात एक सुख आहे. मोठा टप्पा एका झोपेत उरकतो, मग तासाभराची छोटी उडी. गोम अशी, की शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, पहिलं पाऊल जिथे पडतं तिथेच पासपोर्ट तपासतात. म्हणजे ती रांग प्रागला नाही, मधल्या विमानतळावर, पुढचं विमान सुटायच्या आत. माझ्या हातात दीड तास होता. आमच्या मागोमाग आणखी दोन मोठी विमानं उतरली. युरोपीय पासपोर्टवाले शेजारच्या फाटकांतून सटासट जात होते, आमच्याकडे दोनच खिडक्या उघड्या. पुढचे आजोबा हॉटेलचं बुकिंग मोबाइलमध्ये शोधतायत, बायको दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतेय. हातापाया पडून दहा-बारा जणांना ओलांडलं. गेटवर पोचलो तर विमान समोर उभं, दार बंद! तिकीट एकच असल्यामुळे पुढच्या विमानात जागा मिळाली, पण सहा तासांनी.

त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांच्या ठशांची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. सरावाने ती झपाट्याने होईलही, पण त्या भरवशावर मी दीड तासाचं कनेक्शन घेणार नाही. तीन तास मिळत असतील तर गोष्ट वेगळी.

दोह्याला सुरक्षा तपासणी पुन्हा होते, पट्टा काढा, लॅपटॉप काढा. ती तर युरोपातही चुकत नाही. पासपोर्टची रांग मात्र थेट प्रागला. तिथे मी तासभर उभा होतो, पण त्या तासाचा त्रास नाही झाला. चुकायला काही उरलंच नव्हतं, फार तर बॅग पट्ट्यावर एकटीच गोल फिरत बसली असेल. परततानाही तेच. बाहेर पडतानाची तपासणी प्रागलाच होते, त्यामुळे हॉटेलवरून तासभर आधी निघणं आपल्या हातात असतं.

आखाताचे तोटेही आहेत. झोपेची दोन खांडं होतात, आणि जून २०२५ मध्ये कतारचं आकाश काही तास बंद झालं होतं, तसं झालं तर कोणाचंच काही चालत नाही. शिवाय युरोपीय कंपनी असेल तर मुंबईहून निघतानाही युरोपचा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. कंपनीच्या दोषामुळे प्रागला चार तासांहून जास्त उशिरा पोचलात तर ६०० युरो भरपाई. आखाती कंपनीला तो फक्त परतीच्या, युरोपातून निघणाऱ्या प्रवासाला लागतो. हा मुद्दा हलका नाही. पण रांगेचं खापर कंपनीवर फुटेल असं मला वाटलं नाही, म्हणून मी काही मागितलं नाही.

तरुण असाल, पाठीवर एकच सॅक असेल, तर युरोपातूनही निभावेल. मे महिन्यात आईला घेऊन जातोय. तिचे गुडघे आणि ती रांग, दोन्ही आठवून तिकीट दोह्यावरून काढलंय.