पलूस-तासगाव रस्त्यावरचे लोहारकाम : दोन कोयते, एक कुऱ्हाड आणि एक पहार

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला, तेव्हा दोन कोयते, एक कुऱ्हाड आणि टोक बसलेली पहार घेऊन मी पलूसहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लोहाराकडे गेलो. चारही अवजारे शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धार-टोक काढून घेण्याचे साडेचारशे रुपये झाले आणि अर्धा दिवस थांबावे लागले. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी घाईने करून घेतलेल्या कोयत्याच्या धारेचे तिसऱ्याच दिवशी टवके उडाले होते, म्हणून या वेळी मी भट्टीजवळच बसून राहिलो.

या दुकानाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे विस्तव लावण्यातली शिस्त. मामांनी, म्हणजे लोहारांनी, आधी भट्टीत वारा येतो त्या भोकाभोवती वितळून काचेसारखी चिकटलेली राख उकरून काढली, कारण ती राहिली तर वारा अडतो आणि विस्तव एका बाजूलाच पेटतो. ढलप्यांवर आदल्या दिवशीचा अर्धवट जळालेला कोळसा आणि त्याभोवती कच्चा दगडी कोळसा, अशी रचना झाल्यावर त्यांच्या पत्नीने, मामींनी, भट्टीला वारा देणारा हातपंखा फिरवायला घेतला. सुरुवातीला पिवळसर, दाट धूर येतो. कोळशातील वायू जळून गेले की हलका, सच्छिद्र कोक उरतो आणि धूर जवळजवळ थांबतो. तोवर लोखंड आत गेले नाही. कडेच्या कोळशावर मात्र अधूनमधून पाणी शिंपडले जात होते, म्हणजे विस्तव पसरत नाही आणि मधल्या भागातच धग धरून राहते.

कोयता त्यांनी अगदी तळाशी न नेता निखाऱ्यांच्या मध्यावर आडवा ठेवला. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "वाऱ्याच्या तोंडाशी धरलं की लोखंड जळतं, दादा, तापत नाही." ते खरेच आहे. तिथे न वापरला गेलेला प्राणवायू जास्त असतो आणि लोखंडावर पापुद्रे धरतात. उष्णता मोजायला डोळ्यांशिवाय काही नाही. साधारण ७०० अंशांना गडद तांबडा, त्यापुढे केशरी आणि ११०० च्या आसपास पिवळा रंग दिसतो. फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या म्हणजे पोलादच जळू लागले, आणि ते पुन्हा सुधारत नाही. उन्हात हे रंग कळत नाहीत, म्हणून छपरीच्या पश्चिमेला पोती बांधून सावली केलेली आहे. रंग उतरून तांबूस झाला की घण थांबे आणि कोयता पुन्हा विस्तवात जाई, कारण निवत चाललेल्या पोलादावर ठोकत राहिले तर त्याला चिरा जातात.

पाणी देणे, म्हणजे तापलेली धार पाण्यात बुडवून कडक करणे, मी सर्वांत जवळून पाहिले. लाल झालेल्या कोयत्याची फक्त धार दोन बोटे पाण्यात बुडवून, हलवत ठेवून त्यांनी बाहेर काढली आणि विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत केली. मग पाठीकडची उष्णता धारेकडे सरकू लागली, तशी त्या चकाकीवर आधी गव्हाच्या काडीसारखी पिवळी, मग तपकिरी छटा चढत गेली. जांभळट झाक दिसताच सबंध पाते पाण्यात गेले. या पायरीवर घाई झाली की धार काचेसारखी ठिसूळ राहते, आणि माझा आधीचा कोयता त्यामुळेच बिघडला असावा.

शेजारच्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून लोखंडी नांगर घडू लागले, तरी झिजलेल्या अवजाराची धार अशाच भट्टीवर परत मिळते, याचे मला मनापासून अप्रूप आहे.

उणीव एकच. कुऱ्हाडीच्या दांड्यातली पाचर सैल बसली होती, ती घरी पुन्हा ठोकावी लागली. कोयते मात्र तीन आठवडे रोज ऊस तोडूनही शाबूत आहेत आणि त्यांना फक्त कानस लागली. जायचे असेल तर सकाळी नऊनंतर जावे, म्हणजे धूर सरलेला असतो आणि विस्तव जमलेला असतो.