डबा हलका लागला, तेव्हाच ओळखायला हवं होतं

आमची बावीस फुटी शिडाची बोट आहे, कॅटलिना २२. हिवाळाभर ती अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिसच्या एका बोटींच्या यार्डात ट्रेलरवर असते आणि मे ते ऑक्टोबर चेसापीक उपसागराच्या मचूळ पाण्यात. इतके महिने पाण्यात ठेवायची तर बुडाला तांब्याचा रंग, म्हणजे तांबं मिसळलेला रंग, लागतोच. नाहीतर बार्नेकल, म्हणजे चिकटून बसणारे कवचवाले जीव, धरतात. कोकणात ओल्या खडकावर अनवाणी पाय ठेवला की कापतं ना, तीच जात.

दरवर्षी मीच रंगवायचो. गेल्या वसंतात गुडघा धरला होता, आणि ट्रेलरखाली उताणं पडून पॉलिशपेपर मारायचा कंटाळाही, खरं सांगायचं तर. यार्डात कामं शोधत फिरणाऱ्या एकाने स्वतःहून विचारलं. रंगाचे दोन हात, सगळे मिळून नऊशे डॉलर, रोख. ‘रंग मी आणतो, मला स्वस्त पडतो.’ भाजीवाल्याशी रुपयासाठी हुज्जत घालणारा मी, इथे पावतीसुद्धा मागितली नाही.

लेबल ओळखीचं होतं. पण झाकण उघडायच्या आधी डबा मी स्वतः उचलून सावलीत ठेवला, तेव्हा हाताला हलका लागला. या रंगातलं तांबं म्हणजे क्युप्रस ऑक्साइड, ते चांगलंच जड असतं. मी आणतो तो गॅलनचा डबा सात किलोच्या वर भरतो, हा पाचच्या आसपास असेल. वाटलं, कंपनीने काही बदललं असेल. त्याने झाकण उघडलं आणि सरळ रोलर बुडवला. तांबं तळाला बसतं, पाच-दहा मिनिटं खरवडून ढवळावं लागतं, हेही मला पाठ होतं. तेव्हाही गप्प राहिलो.

संध्याकाळी बूड निळंशार चकाकत होतं. बायको म्हणाली, ‘तुझ्यापेक्षा छान रंगवलंय!’ तांब्याचा रंग वाळल्यावर खडूसारखा दिसतो, चकाकत नाही. पण कौतुकात कोण बघतो.

जुलैत बोट जड चालायला लागली. ऑगस्टमध्ये वर काढली तर सगळ्या बुडावर बार्नेकलची पांढरी खपली. फक्त दोन लांब पट्टे जवळजवळ स्वच्छ. ट्रेलरच्या फळ्या बोटीला टेकतात तिथले. त्याने बोट जॅकवर उचलून फळ्या सरकवल्याच नव्हत्या, म्हणून तिथे माझा मागच्या वर्षीचा रंग उघडा राहिला होता आणि तोच काम करत होता. बाकी बुडावर त्याने चक्क साधा इनॅमल फासून माझं चांगलं तांबं झाकून टाकलं. जुन्या डब्यात भरून आणला असणार.

फोन केला तर म्हणे, ‘यंदा पाणीच तसं आहे.’ नंतर फोन लागेना. रोख पैसे, ना कागद ना साक्षीदार. यार्डवाल्यांनी खांदे उडवले.

इनॅमल काढायला मला तीन शनिवार-रविवार लागले, तोंडाला मास्क बांधून, पाणी मारत मारत, कारण खालच्या तांब्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन चालत नाही. अमेरिकेत हा रंग कीटकनाशक म्हणून नोंदवावा लागतो, डब्यावर नोंदणी क्रमांक आणि क्युप्रस ऑक्साइडची टक्केवारी छापलेली असते. पण लेबल खरंच होतं हो, आतला माल खोटा होता. म्हणून यंदा डबा दुकानातून स्वतः आणला आणि भारतात जाताना बॅगा तोलायचा काटा असतो ना, त्याला अडकवला. सात किलो चारशे.