दोन अल्ट्रांमध्ये तीनच आठवडे: झोपून काढायचे की चालून?

अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनपेक्षा लांब पळायची रेस. अशीच एक, 50 किलोमीटरची, झाली, अंग आंबलंय आणि पुढच्या रेसचं बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घरात येऊन पडलंय. मध्ये तीन आठवडे. आमच्यात यावर दोन तट आहेत. मी ठाण्याचा, माझं मत: दहा दिवस बूट कपाटात. नेरूळचा मित्र म्हणतो, तिसऱ्या दिवसापासून पाम बीच रोडवर अर्धा तास चालायचं, मग सायकल, मग हळूहळू पळायचं.

आधी एक भीती काढून टाका. दहा दिवसांत दम कुठे जात नाही. घट जाणवायला साधारण दोन आठवडे लागतात, तीही सुरुवातीला थोडीच. आणि एवढ्या वेळात नवीन काही कमावताही येत नाही. म्हणजे भांडण आहे ते फक्त डागडुजीचं.

पहिली रेस डोंगरातली असेल तर माझं पारडं जड. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, त्यात तंतू फाटतात. दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं आणि आठवड्याभरात जातं. ताकद मात्र त्याहून उशिरा परतते. मी इथेच फसलो होतो. काही दुखत नाही म्हणून आठव्या दिवशी ठाण्यातला येऊरचा डोंगर चढलो, आणि उतरताना गुडघे असे लटपटले की पुढची रेस अर्ध्याहून जास्त चालत संपवली. शिवाय त्या सरावाची गरजही नव्हती: उताराचा मार एकदा खाल्लेले स्नायू पुढचे काही आठवडे तसाच मार जास्त सोसतात.

झोपून काढण्याचा तोटा? अंग जड होतं आणि माणूस चिडचिडा. चौथ्या दिवशी घरचेच म्हणतात, जा बाबा एकदाचा पळायला.

मित्राची पद्धत सपाट रस्त्यावरच्या रेसनंतर बरी. चालण्यानं ताठरपणा मोकळा होतो. पोहायची सोय असेल तर आणखी चांगलं, पायांवर भार येत नाही. पण फाटलेला तंतू चालण्यानं लवकर सांधत नाही, हे त्याला मान्य नाही. आणि पाम बीचवर खरा धोका वेगळाच: कुणी ओव्हरटेक केलं की 'हळूहळू' संपलंच! वेग असा हवा की धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

झोप आणि भरपूर भात दोन्ही तटांना लागू. गोळ्यांबाबत सांभाळा: अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेन मूत्रपिंडांना जड जातं. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

निवड कशी करायची? ठाणे स्टेशनचा पूल उतरून बघा. कठडा धरावा लागला तर बूट कपाटातच. हात सुटा राहिला आणि सकाळची नाडी नेहमीच्या आकड्यावर आली असेल तर चालायला लागा. दोन रेसमध्ये एकच आठवडा असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, पाय वर करून बसा.

यंदा मी सहा दिवस काहीच करणार नाही. सातव्या दिवशी ट्रान्स-हार्बर लोकल पकडून नेरूळला जाणार, त्याच्यासोबत चालायला. येऊर मात्र दुसरी रेस होईपर्यंत बंद.