उलट्या पायडलच्या ब्रेकचं जुनं हब: उघडून बांधल्यावरचे आठ महिने

बांधल्याच्या दिवशी सायकलचं कुठलंही हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, छानच फिरतं. कळतं ते पाऊस, चिखल आणि उतार झाल्यावर. हे मागच्या चाकाचं बेन्डिक्स पद्धतीचं हब आहे: ड्रायव्हरच्या (चेनने फिरणाऱ्या भागाच्या) स्क्रूवर मागेपुढे सरकणारा क्लच आणि उलटं पायडल मारलं की फाकून हबच्या आतल्या भिंतीला घासणारे ब्रेक-शूज.

आठ महिन्यांनंतर ठाम मत एवढंच, की ग्रीसमध्ये कंजुषी करू नका. ‘ग्रीस लागलं तर ब्रेक घसरेल’ ही भीती रिमच्या ब्रेकवरून आलेली. इथे धातूवर धातू घासतो. दाबाखाली ग्रीस बाजूला होतं, पातळ थर उरतो. तोही नसेल तर ब्रेक किंचाळतो, चाक झटक्यात जाम होतं आणि हबच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडतात. जास्त उष्णता सोसणारंच ग्रीस घ्या. साधं लांब उतारावर पातळ होऊन बाहेर येतं. कॅलिफोर्नियात १९७६ साली ज्या उतारावर शर्यती सुरू झाल्या, त्याचं नावच ‘रीपॅक’ पडलं, कारण खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळायचं आणि पुन्हा भरावं लागायचं!

जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण काढा, विशेषतः स्क्रूच्या आट्यांमधलं. पायडल पुढे मारूनही अधूनमधून फुकट फिरत असेल तर आधी क्लचला धरून ठेवणारी ड्रॅग स्प्रिंग बघा. ती ढिली पडली की क्लच स्क्रूवर सरकण्याऐवजी ड्रायव्हरबरोबर नुसता गरगरतो. बेअरिंगच्या छर्र्यांच्या कड्या उघडतानाच फोटो काढा. उलटी बसलेली कडी कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटवर) घासते आणि लवकरच मोडते. शूजवर चकाकी आली असेल तर एमरी पेपरचे दोन हात पुरतात.

अ‍ॅडजस्टमेंटला मात्र वेळ द्या. ब्रेकच्या आर्मकडचा (हबपासून फ्रेमपर्यंत जाणाऱ्या दांड्याकडचा) लॉकनट आधी पक्का करा, मग स्प्रॉकेटकडचा (चेनच्या दातेरी चकतीकडचा) कोन फिरवा. रिमपाशी अगदी नावापुरता खेळ (डावी-उजवी हालचाल) ठेवा. कोन जास्त आवळला तर पायडल थांबवल्यावर वरची चेन झोळ खाते आणि पायडल आपोआप पुढे ओढलं जातं. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, तोवर सगळं थोडं बसलेलं असतं.

आर्मची पट्टी फ्रेमला घट्ट हवी, नाहीतर ब्रेक मारताच आर्म गरकन फिरतो. चेनमध्ये सेंटीमीटरभर ढिलाई ठीक. चेन उतरली की मागचा ब्रेक गेलाच, म्हणून पुढचा ब्रेक काढू नका.