कालाफिनाची ॲनिमे-गीते : आठ महिन्यांच्या श्रवणानंतर

गेले आठ महिने मी ‘कालाफिना’ या जपानी गायिकांच्या गटाची ॲनिमे-गीते, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका-चित्रपटांतील गाणी, जवळजवळ रोज ऐकत आहे. त्यापूर्वीही ही गाणी माझ्या कानांवरून गेली होती, पण ती मालिकेच्या सुरुवातीला किंवा शेवटी वाजणाऱ्या दीड मिनिटाच्या तुकड्यांच्या रूपात. पूर्ण गाणी, शांत खोलीत, कानांवर चांगला हेडफोन लावून ऐकायला लागल्यावर या गटाविषयीचे माझे मत बऱ्याच अंशी बदलले. कोणते गाणे आवडते हे तर बदललेच, शिवाय ते का आवडते याचे कारणही बदलले.

हा गट संगीतकार युकी काजिउरा यांनी एका ठरावीक कामासाठी उभा केला. ‘कारा नो क्योकाई’ ही सात चित्रपटांची मालिका 2007 मध्ये सुरू झाली आणि तिच्या प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी एक गाणे हवे होते. पुढे वाकाना, केइको आणि हिकारु अशा तिघींचा गट स्थिरावला. वाकानाचा आवाज वरच्या पट्टीत सहज फिरतो, केइकोचा खर्जाकडे झुकणारा आहे आणि हिकारुचा त्या दोहोंच्या मधला, किंचित धारदार. गीते, चाली आणि संयोजन हे सारे काजिउरांचेच असल्यामुळे कोणती ओळ कोणाच्या गळ्यासाठी बांधली आहे, हे काही दिवसांच्या सवयीने ओळखू येते.

मला मात्र ती सवय लागायला वेळ लागला. लहानपणी मी काही वर्षे हार्मोनियम शिकलो आणि घरी भजनाचे वातावरण होते. आपल्याकडे बुवा अभंगाची ओळ म्हणतात आणि टाळकरी तीच ओळ उचलतात. शाळेतल्या समूहगीतातही पन्नास मुले एकच चाल गातात. त्यामुळे एकाच वेळी तीन गायिका तीन वेगवेगळ्या चाली गात असतील, तर आपला कान नकळत सर्वांत वरची चाल पकडतो आणि उरलेल्या दोन्हींना साथ समजून सोडून देतो. पहिले दोन महिने मी हेच करत होतो आणि म्हणून मला वाकानाच तेवढी ऐकू येत होती. तिसऱ्या महिन्यात मी ठरवून एक गाणे आठवडाभर ऐकले आणि प्रत्येक वेळी फक्त केइकोच्या आवाजाचा माग काढला. ते गाणे ‘मागिया’ होते. ज्या गाण्याला मी तोवर जड गिटारचे, आक्रमक गाणे समजत होतो, त्याची सगळी भीती त्या खालच्या आवाजात साठवलेली आहे, हे तेव्हा उमगले.

‘मागिया’ हे 2011 च्या ‘पुएल्ला मागी मादोका मागिका’ या मालिकेचे समाप्तिगीत आहे. त्या मालिकेचे सुरुवातीचे गाणे दुसऱ्या गटाचे आहे आणि ते गोड, निरागस वाटते. तिसऱ्या भागातील घटनेनंतर लगेच ‘मागिया’ सुरू होते, तेव्हा आपण आजवर काय पाहत होतो याचा अर्थच पालटतो. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी यापेक्षा अधिक सांगणे योग्य होणार नाही.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘मादोका’, ‘कारा नो क्योकाई’ आणि ‘फेट झीरो’ या तिन्हींचे पार्श्वसंगीतही काजिउरांचेच आहे, त्यामुळे कथेत आधी वाद्यांवर ऐकलेली वळणे गाण्यात पुन्हा भेटतात. 2012 च्या दुसऱ्या ‘मादोका’ चित्रपटाचे ‘हिकारी फुरु’ हे याचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे. मालिकेच्या अखेरच्या भागात जी धून शब्दांवाचून वाजली होती, तिलाच येथे शब्द मिळाले आहेत. ते गाणे मी पहिल्यांदा पूर्ण ऐकले तेव्हा डोळे भरून आले आणि आजही ते दुसरे काही काम करताना लावायला माझे मन धजत नाही.

‘सोरा नो वोतो’, ‘ब्लॅक बटलर’, ‘आल्डनोआ झीरो’ आणि ‘आर्सलान सेन्की’ यांचे पार्श्वसंगीत मात्र इतरांचे होते. त्या मालिकांतील गाण्यांना कथेचा आधार कमी मिळतो, हे खरे; पण त्यांपैकी काही त्यामुळेच स्वतंत्र गाणी म्हणून अधिक टिकली. 2010 चे ‘हिकारी नो सेनरित्सु’ मी सकाळी लावतो आणि आठ महिन्यांनंतरही ते शिळे झालेले नाही. ‘लाक्रिमोसा’ रात्रीचे गाणे आहे. ‘हेवन्ली ब्लू’ आणि आर्सलानची दोन्ही गाणी ऐकायला चांगली आहेत, परंतु ती मी आपणहून फारशी लावत नाही.

दीड मिनिटाच्या आवृत्तीविषयी माझी तक्रार आहे. दूरचित्रवाणीसाठी गाणे कापताना पहिले कडवे आणि ध्रुवपद ठेवले जाते आणि मधला भाग गळतो. काजिउरांच्या रचनांत तिन्ही आवाज एकमेकींपासून सुटे होऊन पुन्हा एकत्र येतात ते बहुतेक वेळा त्याच मधल्या भागात. म्हणून ज्यांनी ही गाणी केवळ मालिकांतून ऐकली आहेत, त्यांच्या हाती या गटाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य लागलेलेच नसते.

भाषेची अडचण मला वाटली होती तेवढी जाणवली नाही. जपानी शब्दांचे अर्थ मी भाषांतरांतून समजून घेतले, पण कोरसमध्ये कित्येकदा जे शब्द येतात ते कोणत्याच भाषेतील नसतात. काजिउरांनी नादासाठी रचलेल्या या अक्षरांना चाहते ‘काजिउरागो’, म्हणजे काजिउरांची भाषा, असे म्हणतात. तराणा ऐकून वाढलेल्या माणसाला यात काहीच परके वाटू नये. ‘तदीम्’ किंवा ‘तनन’ यांचा अर्थ आपण कधी विचारत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सलग दोन तास ही गाणी ऐकली तर त्यांची बांधणी एकसारखी वाटू लागते : हळुवार प्रारंभ, मग तालवाद्यांचा भरणा, मग व्हायोलिनांची चढती लाट आणि शेवटी तिघींचा एकत्र उंच स्वर. ‘फेट झीरो’च्या दुसऱ्या पर्वाचे ‘टू द बिगिनिंग’ मालिकेत अंगावर काटा आणते, पण स्वतंत्रपणे ऐकताना त्यात वाद्यांची इतकी दाटी जाणवते की केइकोचा आवाज शोधावा लागतो. लोकलच्या गर्दीत साध्या इअरफोनवर तर तो सापडतच नाही. घरातल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवरही खालचे सूर विरून जातात. ही गाणी महागड्या उपकरणांशिवाय ऐकता येतात, मात्र त्यांना शांतता लागते.

काजिउरा 2018 मध्ये आपल्या व्यवस्थापन-संस्थेतून बाहेर पडल्या आणि 2019 मध्ये गट अधिकृतपणे संपला. मी इतक्या उशिरा त्यांच्याकडे वळलो याची मला खंत आहे.

नव्याने ऐकणाऱ्यांनी ‘मागिया’पासून सुरुवात करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जानेवारी 2008 मध्ये आलेले ‘ऑब्लिव्हियस’ आधी लावावे. हे त्यांचे पहिले गाणे, पहिल्या चित्रपटाच्या शेवटचे. हिकारु तोवर गटात आलेली नव्हती, त्यामुळे त्यात फक्त वाकाना आणि केइको आहेत. उंच आवाज आणि खोल आवाज अशा दोनच गळ्यांचा माग काढायचा असल्याने अनोळखी कानालाही ते जमते. डोळे मिटून एकदा केवळ खालची चाल ऐकावी आणि नंतरच वरची.