मीटर, बोअर आणि चेंबर झाकायचे असतील तर बुरुड गल्लीत जा

घरापुढे गुलाब कितीही फुलले तरी येणाऱ्याची नजर आधी विजेच्या मीटरवर जाते. आमची कोल्हापुरातल्या आर. के. नगरातली बाग फाटकापासून पायरीपर्यंतच आहे, आणि तेवढ्या जागेत मीटरची पेटी, बोअरचा निळा पाईप, अर्थिंगचा खड्डा, मैलाटाकीचं सिमेंटचं झाकण आणि एसीचं बाहेरचं युनिट असं सगळं दर्शनी बाजूलाच आलंय. बांधताना सोय पाहिली गेली, शोभा कुणी पाहिली नाही. यावर मला पटेल असा इलाज, बांबूच्या विणलेल्या ताट्या (म्हणजे आडोसे) आणि टोपल्या, इथल्या बुरुड गल्लीतल्या एका जुन्या दुकानात मिळाला. दुकानाला पाटी नाही. बाहेर सुपं, दुरड्या आणि शिडीचे बांबू टेकवून ठेवलेले दिसतात.

बाजारात याला दुसरे पर्याय आहेत. ऑनलाइन मिळणारी हिरव्या पानांची प्लास्टिकची चटई आमच्या शेजारी लावली आहे. एका उन्हाळ्यात तिचा हिरवा रंग उडून निळसर झाला आणि मागे गांधीलमाश्यांनी घर केलं. फायबरचे पोकळ दगडही मिळतात, पण लांबूनसुद्धा ते खोटे वाटतात. लोखंडी जाळी टिकाऊ असते, पण तिने मीटर झाकला जात नाही, फक्त कैदेत पडतो.

दुकानातल्या मामांना मी मोबाईलवर फोटो दाखवले. मला वाटलं होतं ते लांबी-रुंदी विचारतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"ह्या पेटीम्होरं कोण येतंय, वैनी?"

मी म्हटलं, रीडिंग घ्यायला माणूस येतो.

"मग त्येला दार पायजे. त्यो काय खाली बसून फटीतनं बघणार न्हाई. फोटो काढून म्होरं जातोय. दिसलं न्हाई तर बिल अंदाजानं येतंय, आनि मग तुमी ताटीला शिव्या घालताय."

हे ऐकलं आणि काम इथेच द्यायचं हे माझं पक्कं झालं. बागेतली ही सगळी सामग्री कुणीतरी येऊन उघडायची, वाचायची, दुरुस्त करायची असते. झाकण्याचा विचार तिथून सुरू करणारा माणूस मला दुसरीकडे भेटला नव्हता. मामा प्रत्येक फोटोला तोच प्रश्न विचारत गेले, आणि प्रत्येक वस्तूचं उत्तर वेगळं निघालं.

मीटरसाठी त्यांनी दोन भागांची ताटी केली. एक भाग भिंतीला लागून पक्का, दुसरा दारासारखा उघडणारा. कडी-कोयंडा नाही, काथ्याची एक आडी आहे. ती खुंटीवरून काढली की दार बाजूला होतं. वीण मुद्दाम विरळ ठेवली आहे, म्हणजे पेटीला हवा लागते आणि आत पाणी साचून राहत नाही. चौकटीला माणगा वापरलाय, विणीला मेस. माणगा भरीव असतो, त्याला खिळा किंवा स्क्रू धरतो. ही दोन्ही बांबूच्याच जातींची नावं. मेसीच्या कामट्या लांब आणि लवचिक निघतात. बांबू शाहूवाडी आणि गगनबावड्याकडच्या शेतकऱ्यांकडून येतो. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, तेव्हापासून शेतातला बांबू तोडून आणायचं काम पुष्कळ सोपं झालं, असं मामा सांगत होते.

आता बोअर. मला सगळ्यात आवडलेली वस्तू हीच. केसिंग पाईप जमिनीच्या वर फूटभर राहतो आणि तो तसाच राहिला पाहिजे, नाहीतर पावसाचं गढूळ पाणी थेट आत जातं. म्हणून तो कापून जमिनीबरोबर करा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. मामांनी त्यावर डालगं विणून दिलं. कोंबड्या झाकायला खेड्यात असतं तसंच, फक्त उंच आणि निमुळतं. षट्कोनी जाळीची वीण आहे, प्रत्येक घरात बोट जाईल एवढी. वरच्या तोंडाला कामट्यांचा गोफ वळून कड बांधली आहे. खालच्या कडेला एका बाजूला कमानीसारखी खाच ठेवली आहे, तिच्यातून पाईप आणि मोटरची केबल बाहेर येते. ही खाच मी सांगितली नव्हती. फोटोत केबल कुठून निघते ते त्यांनी बोटांनी चित्र मोठं करून पाहून घेतलं होतं. मोटर वर काढायची वेळ आली की डालगं एका हाताने उचलून बाजूला ठेवायचं, बस्स. बोअरवर मांडव किंवा कमान करणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा, कारण मोटर ओढताना वर उंचीला मोकळी जागा लागते. अर्थिंगच्या खड्ड्यावरही असंच बुटकं डालगं आहे. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, ते जाळीतूनच ओतता येतं.

मैलाटाकीच्या झाकणाला हारा, म्हणजे मोठी टोपली. रुंद, उथळ, दोन्ही बाजूंना दोरीच्या कड्या. त्यात सदाफुली आणि तेरड्याच्या कुंड्या ठेवल्यात, माती कमी आणि कोकोपीट जास्त, म्हणजे टाकी उपसायची गाडी आली की दोघांनी धरून उचलता येतो. झाकणावर थेट माती पसरून लॉन लावायची हौस करू नये, झाकण शोधायला पुन्हा सगळं खणावं लागतं. टाकीचा व्हेंट पाईप मात्र मामांनी झाकायला साफ नकार दिला. आतला वायू बाहेर पडायचीच ती वाट. तो पाईप आम्ही भिंतीच्याच रंगाने रंगवून घेतला आणि आता तो लक्षातही येत नाही.

रंगाबद्दल माझा आग्रह हिरव्याचा होता. मामा म्हणाले, पानांच्या हिरव्याशेजारी डब्यातला हिरवा उठून दिसतो. त्यांनी काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं. आजरा-चंदगडकडे काजूचे कारखाने आहेत, तिथून ते मिळतं. कोकणात घराच्या वाशांना आणि होड्यांना वाळवी-कीड लागू नये म्हणून ते पूर्वीपासून लावतात. बांबूला त्याने गडद तपकिरी रंग येतो, आणि सावलीत ताटी भिंतीत मिसळून जाते. एक सांभाळा: कच्चं तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. हातमोजे घालून पातळ हात मारायचा, आणि पूर्ण वाळेपर्यंत मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. वास काही दिवस राहतो.

बांबूच्या टिकाऊपणाची शंका सगळ्यांना असते, मलाही होती. भुंगा लागतो तो बांबूतल्या पिठासाठी. कोवळा किंवा चुकीच्या मोसमात तोडलेला बांबू असेल तर महिन्याभरात खाली पिवळी भुकटी पडू लागते. मामा पक्का, तीन वर्षांच्या पुढचा बांबू घेतात, पावसाळा सरल्यावर तोडलेला, आणि तो पाण्यात मुरवून वापरतात. दुकानात त्यांनी एक कामटी माझ्यासमोर आपटून आवाज ऐकवला. वाळलेल्याचा टणत्कार येतो, ओल्याचा बद्द. आमच्या ताटीने कोल्हापूरचा एक अख्खा पावसाळा काढलाय. वीण कुठे सुटलेली नाही, भुकटी नाही. दाराचा पल्ला भर पावसात थोडा फुगून घासत होता, ऊन पडल्यावर आपोआप सैल झाला.

आता उणं ते सांगते. वेळेचा भरवसा नाही. गौरी-गणपतीच्या आधी ववशाची सुपं करायला सगळं घर बसलेलं असतं, तेव्हा ताटीचं काम मागे पडतं. ते योग्यच आहे, पण आपल्याला माहीत असलेलं बरं. लोखंडाचं काम ते करत नाहीत. बांबू मातीत पुरला की बुडाशी कुजतो, म्हणून ताटीला लोखंडी अँगलचे पाय लागतात. ते आणि बिजागऱ्या मी उद्यमनगरातून करून आणल्या, त्याचा खर्च वेगळा. आणि कड घासून गुळगुळीत करून द्या असं आवर्जून सांगा. आमच्या हाऱ्याच्या कडेला कूस राहिली होती, ती माझ्या सुनेच्या बोटात गेली. नंतर दाखवल्यावर मामांनी लगेच सुरीने तासून दिली, पैसे घेतले नाहीत.

दर प्लास्टिकपेक्षा जास्त आहे. मीटरच्या ताटीचे १,४०० रुपये, मोठ्या डालग्याचे ३५०, हाऱ्याचे ६०० असे घेतले. मी घासाघीस केली नाही. एक डालगं विणताना तिथे बसून पाहिलं, मामींची बोटं कामटी सोलण्यापासून कड वळेपर्यंत थांबत नव्हती. सूप-रोवळीची जागा घरोघरी प्लास्टिकने घेतली आहे आणि या गल्लीत हात चालणारी माणसं कमी होत चालली आहेत. त्यांच्याकडे बागेचं नवं काम आलं तर मला मनापासून आनंद होईल.

वेल चढवायचा असेल तर पक्क्या भागावरच चढवा, दारावर नको. आम्ही गोकर्ण लावलाय, तो हलका असतो. मधुमालती दिसते सुंदर, पण तिचं खोड जाड होऊन ताटी वाकवते. बोगनवेल तर रीडिंगवाल्याच्या हाताला काटे लावेल.

जाताना फुटा-इंचात मापं न्या, आणि फोटो समोरून व बाजूने असे दोन्ही काढा. सकाळी गेलात तर मामा स्वतः बोलतात. एसीच्या युनिटचं काम दिवाळीनंतर द्यायचं ठरलंय: समोर हवा सुटते ती बाजू पूर्ण मोकळी, मागे नि बाजूला वीतभर अंतर, आणि सर्व्हिसिंगवाला आला की उचलून ठेवता येतील अशा दोन सुट्या ताट्या.