डेटा सेंटरमधील नेटवर्क बूटसाठी किया डीएचसीपी सर्व्हर : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

आयएससी (इंटरनेट सिस्टम्स कन्सोर्टियम) या संस्थेने आपल्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरची, म्हणजे नेटवर्कवरील यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सॉफ्टवेअरची, देखभाल २०२२ च्या अखेरीस थांबवली, तेव्हाच पर्याय शोधायला हवा होता. आम्ही मात्र ते काम जमेल तितके पुढे ढकलले आणि गेल्या वर्षी कुठे हाती घेतले. निवड केली ती त्याच संस्थेच्या ‘किया’ या मुक्त-स्रोत सर्व्हरची. हे नाव न्यूझीलंडमधील एका डोंगरी पोपटावरून ठेवलेले आहे, तरीही मंजुरीच्या टिपणात ‘येथे मोटारीचा संबंध नाही’ असा खुलासा मला करावा लागला. आमच्याकडे रॅकमध्ये बसवलेला नवा सर्व्हर कोऱ्या डिस्कसह चालू होतो, डीएचसीपीकडून पत्ता आणि बूट फाइलचे नाव घेतो आणि पुढे आपोआप इन्स्टॉलरपर्यंत पोहोचतो. हा अभिप्राय केवळ त्या कामापुरता आहे.

कियाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे त्यातील क्लायंट क्लास, अर्थात विचारणा करणाऱ्या यंत्रांचे गट. बूट होणारे यंत्र ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमधून (डीएचसीपी संदेशातील क्रमांक दिलेल्या रकान्यातून) स्वतःची जात सांगते : फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारे अंगभूत सॉफ्टवेअर, जुने बायोस असेल तर ०, नव्या पद्धतीचे ६४-बिट यूईएफआय असेल तर ७, एआरएम६४ प्रोसेसर असेल तर ११ आणि एचटीटीपीवरून बूट होणारे यूईएफआय असेल तर १६. जुन्या सर्व्हरमध्ये यासाठी एकात एक अडकवलेल्या अटींची उतरंड रचावी लागे. येथे प्रत्येक जातीला नाव असलेला स्वतंत्र क्लास, त्याची एका ओळीची चाचणी आणि त्याची बूट फाइल एकत्र लिहिता येते, त्यामुळे सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्यालाही ती कळते. आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा मुक्त-स्रोत प्रोग्राम) वापरणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो. फर्मवेअरने आयपीएक्सई उतरवून घेतल्यावर तेच पुन्हा डीएचसीपीकडे विचारणा करते, आणि त्याला पुन्हा तीच फाइल दिली तर यंत्र स्वतःभोवती गिरक्या घेत बसते. आयपीएक्सई ७७ क्रमांकाच्या ऑप्शनमध्ये आपले नाव देते, म्हणून त्याचा क्लास सर्वांत वर ठेवून बाकीच्या क्लासांना ‘त्याचा सदस्य नसेल तरच’ अशी अट घातली की प्रश्न मिटतो. एचटीटीपी बूटसाठी मात्र उत्तरात ६० क्रमांकाचा ऑप्शन ‘एचटीटीपीक्लायंट’ या मजकुरासह परत पाठवावा लागतो. तो नसेल तर फर्मवेअर आपली ऑफर, म्हणजे पत्ता देऊ करणारे उत्तर, मुकाट्याने बाजूला सारते, आणि आमचा एक अख्खा दुपार-संध्याकाळचा वेळ या मुकेपणापायी गेला.

प्राधान्यक्रमाच्या बाबतीतही सावध राहावे. ऑप्शन म्हणून दिलेली बूट फाइल सबनेटमध्येही (नेटवर्कच्या एका भागाच्या सेटिंगमध्येही) लिहिली असेल, तर ती क्लासमधल्या ऑप्शनवर मात करते. क्लास जुळल्याची नोंद लॉगमध्ये स्पष्ट दिसते, पण फाइल भलतीच जाते, अशा वेळी प्रथम सबनेट तपासावे.

खरा फटका बसला तो वेगळ्याच ठिकाणी. ४० सर्व्हरच्या पहिल्या तुकडीसाठी आम्ही १०० पत्त्यांचा पूल ठेवला होता आणि तो ऐसपैस आहे अशी आमची समजूत होती. तिसाव्या सर्व्हरनंतर काही वेळातच पडद्यावर ‘पीएक्सई-ई१६’, म्हणजे कोणतीच ऑफर मिळाली नाही, हा संदेश येऊ लागला. स्विच पाहिले, रिले (डीएचसीपीच्या विनंत्या पुढे पोहोचवणारा दुवा) पाहिला, केबलही बदलून झाली. शेवटी लीजची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या पत्त्यांची, फाइल उघडली तेव्हा एकाच मॅक पत्त्यासमोर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकासमोर) तीन-तीन आयपी दिसले. फर्मवेअर, आयपीएक्सई आणि इन्स्टॉलर हे तिघेही वेगवेगळा क्लायंट-आयडी, म्हणजे स्वतःची सांगितलेली ओळख, पाठवत होते, आणि किया मुळातच मॅक पत्त्याआधी क्लायंट-आयडी पाहत असल्याने त्याच्या लेखी ती तीन निराळी यंत्रे होती. लीजची मूळ मुदत ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास, असल्यामुळे अडकलेले पत्ते लवकर सुटतही नव्हते. ‘मॅच-क्लायंट-आयडी’ ही एक सेटिंग बंद केल्यावर सर्व काही सुरळीत झाले. नियमाच्या दृष्टीने कियाचे वागणे बरोबरच आहे. परंतु नेटवर्क बूट हा एवढा सर्रास वापर असताना ही सूचना माहितीपुस्तिकेत ठळकपणे, बूटविषयक भागातच असायला हवी होती.

रोजच्या वापरात किया समाधानकारक आहे. कॉन्फिगरेशन फाइल जेसन स्वरूपाची (ज्या मजकुरी मांडणीत एरवी टिपांना जागा नसते) असली तरी तिच्यात टिपा लिहिता येतात, ती लागू करण्यापूर्वी तपासून घेता येते आणि सेवा बंद न करता नव्याने वाचायला लावता येते. लॉगमधील प्रत्येक संदेशाला ठरलेले नाव असून त्याचा अर्थ पुस्तिकेत सापडतो. २०२५ मध्ये आलेली ३.० ही दीर्घकाळ देखभालीची पहिली आवृत्ती आहे, आणि पूर्वी पैसे मोजून घ्यावी लागणारी बरीच हूक लायब्ररी (जादा सोयी जोडणारे भाग) तिच्यात खुली झाली. बूट फाइल पुरवणारा टीएफटीपी सर्व्हर मात्र कियात नाही. तो वेगळा चालवावा लागतो. ज्यांच्याकडे एखादाच रॅक आहे त्यांनी डीएनएसमास्क हे सॉफ्टवेअर घ्यावे, कारण त्यात डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही एकाच छोट्या फाइलीत उरकतात. आमच्याप्रमाणे अनेक सबनेट, अनेक जातींची यंत्रे आणि एक बंद पडल्यास दुसरा काम सांभाळेल अशी दोन सर्व्हरची जोडी असेल, तरच कियाचा खटाटोप परवडतो.

जुनी फाइल बदलून देणाऱ्या ‘केआमा’ या साधनावर फार विसंबू नये. सबनेट आणि राखीव पत्ते त्याने नीट आणले, पण बूटच्या अटी आम्हाला हाताने लिहाव्या लागल्या. आणि जोडी उभी करण्याआधी दोन्ही सर्व्हरची घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवून घ्यावीत : ३० सेकंदांच्या फरकाला किया इशारा देते आणि फरक ६० सेकंदांपलीकडे गेला की दोघांमधला समन्वय थांबवते.